चढाईपटूचा खांदा आणि हाडाचं कलम

तो पहिल्यांदा आला तेव्हा उजवा हात पोटाशी धरूनच बसला होता. खांदा तेव्हा जागेवर होता. पण दोन वर्षांत असं बसायची सवयच लागून गेली होती. वय २३, कोकणातला, गावच्या संघाचा चढाईपटू. सोबत वडील होते, त्यांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिवाय पोलीस भरतीची तयारी चालू होती. हा मुद्दा पुढं शस्त्रक्रियेच्या निर्णयात येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

खांदा पहिल्यांदा उतरला तो अठराव्या वर्षी, आणि उतरला तोही पुस्तकात लिहिल्यासारखा. चढाई करून परतताना कमरेत पकड बसली, तरी मध्यरेषा गाठायची म्हणून त्यानं अंग पुढं झोकून दिलं. उजवा हात डोक्याच्या वर, बाहेरच्या बाजूला ताणलेला, आणि तेवढ्यात एक जण त्या हातावरच पडला. कबड्डीत हे दृश्य शंभर वेळा दिसतं आणि टाळ्या त्या लांब गेलेल्या हातालाच पडतात. खांद्याच्या दृष्टीनं मात्र ही सगळ्यात वाईट स्थिती. हात वर, बाहेर वळलेला, आणि मागून जोर. दंडाच्या हाडाचा गोळा सांध्याच्या वाटीची पुढची कड घासत बाहेर येतो. गावात कुणीतरी ओढून बसवला. पुढच्या दीड वर्षात तीनदा उतरला.

विसाव्या वर्षी एका रुग्णालयात दुर्बिणीतून बँकार्ट दुरुस्ती झाली. वाटीच्या कडेवरून सुटलेली लॅबरमची कूर्चा हाडात रोवलेल्या तीन अँकरनी पुन्हा शिवली. चौदा महिने खांदा टिकला. नंतर सरावात उतरला, नंतर मोटारसायकल स्टँडवर चढवताना, आणि शेवटी एका रात्री झोपेत कूस बदलताना.

माझे कान टवकारले ते या झोपेतल्या प्रसंगानं. मॅटवर खांदा उतरला तर दोष लॅबरमचाही असू शकतो. झोपेत, काही जोर नसताना उतरतो तेव्हा बहुतेक वेळा गोळ्याला टेकायला हाडच उरलेलं नसतं.

तपासताना हात बाजूला नव्वद अंशांवर नेऊन बाहेर वळवला की त्याचा चेहरा आक्रसायचा. त्यात नवल नाही. पण पंचेचाळीस अंशांवरही तेच झालं. हाताच्या मधल्या फिरतीतच भीती वाटते तिथं हाडाचा संशय घ्यावा. सांधे जात्या सैल नव्हते. दंडाच्या बाहेरच्या बाजूची जाणीव शाबूत होती, म्हणजे अॅक्झिलरी नर्व्हला धक्का नव्हता. फिट येते का, हे मी प्रत्येकाला विचारतो, त्यालाही विचारलं. फिट येणाऱ्या माणसाचा खांदा कितीही सुंदर बांधला तरी एका झटक्यात त्याचा चुराडा होतो, तिथं आधी मेंदूच्या डॉक्टरांचं काम. याला तसं काही नव्हतं.

त्यानं सीटी स्कॅनची सीडी आणि अहवाल आणला होता. अहवालात लिहिलं होतं, वाटीच्या हाडाची झीज १६ टक्के. त्यावर एका ठिकाणी त्याला सल्ला मिळाला होता की झीज वीसच्या आत आहे, पुन्हा दुर्बिणीतून शिवून घे.

मी सीडी उघडून स्वतः मोजायला बसलो. पद्धत साधी आहे. सीटीच्या त्रिमितीय चित्रातून दंडाचा गोळा पुसून टाकायचा आणि वाटी समोरून बघायची. वाटीचा खालचा भाग जवळजवळ गोल असतो, त्यावर बसेल असं वर्तुळ काढायचं. कड जिथं झिजली तिथं वर्तुळ रिकामं दिसतं. याच्या वर्तुळाचा व्यास २५ मिलीमीटर भरला आणि पुढून हरवलेली कड साडेपाच. साडेपाच भागिले पंचवीस म्हणजे २२ टक्के.

मग अहवाल चुकीचा होता का? नव्हता. त्यांनी क्षेत्रफळ मोजलं होतं, मी रुंदी. भाकरीच्या कडेचा तुकडा मोडला तर रुंदी बरीच कमी झालेली दिसते, पण भाकरी त्या मानानं कमी जाते, कारण कडेचा तुकडा दोन्ही टोकांना निमुळता असतो. वर्तुळाची रुंदी २२ टक्क्यांनी घटली की क्षेत्रफळ साधारण १६ टक्क्यांनीच घटतं. हाड तेच, सीडी तीच, आकडे दोन. एक आकडा म्हणतो शिवून भागेल, दुसरा म्हणतो हाड बसवा. वीस टक्क्यांची रेषा रुंदीची की क्षेत्रफळाची, हे न विचारताच ती सर्रास वापरली जाते. या एका घोळापायी किती खांदे दुसऱ्यांदा शिवले गेले असतील कोण जाणे. अहवालात टक्केवारीपुढं ‘रुंदीनं’ किंवा ‘क्षेत्रफळानं’ एवढा एक शब्द आला तरी पुरे.

वीस-पंचवीस टक्क्यांची ही रेषा आकाशातून पडलेली नाही. बर्खार्ट आणि डी बीर या शल्यविशारदांनी २००० साली दुर्बिणीतून केलेल्या १९४ बँकार्ट दुरुस्त्यांचा हिशेब मांडला. हाड शाबूत असलेल्यांत खांदा पुन्हा उतरण्याचं प्रमाण ४ टक्के, हाड बरंच गेलेल्यांत ६७. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणारे आणि हाडही गेलेले, अशांत ८९. पुढं २०१५ मध्ये अमेरिकी सैनिकांवरच्या एका अभ्यासात तर १३.५ टक्के झिजेच्या पुढंच खांद्यावरचा भरवसा कमी होताना दिसला, सांधा प्रत्यक्ष उतरला नाही तरी. म्हणजे रेषा खाली सरकत चालली आहे. कबड्डीपटूला वीसच्या आत बसवून ‘चालेल’ म्हणण्याचं धाडस मला तरी होत नाही.

आता गोळ्याकडची बाजू. सांधा उतरताना गोळ्याची मागची बाजू वाटीच्या कडेवर आपटून तिथं खाच पडते. हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० साली तिचं वर्णन केलं. ही खाच वाटीच्या कडेत अडकते की नाही याचं एक गणित आहे. वाटीच्या व्यासाचे ८३ टक्के घ्यायचे आणि त्यातून हरवलेली कड वजा करायची. इथं २०.७५ वजा ५.५, म्हणजे १५.२५ मिलीमीटर. हा गोळ्यासाठी उरलेला रस्ता. खाच आणि तिच्या शेजारची हाडाची पट्टी मिळून भरली १८ मिलीमीटर. रस्त्यापेक्षा खाच रुंद, म्हणजे चाक रस्त्याबाहेर. पण कड भरून काढली तर रस्ता पुन्हा पावणेएकवीसच्या आसपास जातो आणि अठराची खाच त्यात मावते. म्हणजे खाच वेगळी बुजवायची गरज नाही, वाटीचं काम नीट केलं की पुरे.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या क्ष-किरण फिल्म त्यानं जपून ठेवल्या होत्या. वय वीस, स्पर्धात्मक खेळ, तोही भिडण्याचा, आणि हात बाहेर वळवलेल्या फिल्मवर दिसणारी खाच. शिवलेला खांदा पुन्हा उतरण्याचा धोका मोजणाऱ्या, बालग आणि बुआलो यांच्या २००७ च्या गुणपद्धतीत याचे दहापैकी सात होतात, आणि सहाच्या वर गेलं तर नुसती दुर्बीण नको, असं ते म्हणतात. मागं वळून हे सांगणं सोपं असतं, मला कल्पना आहे. वीस वर्षांच्या पोराला छोट्या छिद्रातून होणारी शस्त्रक्रिया आधी सुचवावीशी वाटते, मीही सुचवली आहे आणि पस्तावलो आहे.

तर हाड बसवायचं हे ठरलं. कुठलं, हे ठरायचं होतं, आणि त्यासाठी दोघा बापलेकांना बसवून चारही वाटा सांगितल्या.

पहिली लॅटार्जे. खांद्याच्या पुढं, कॉलरबोनच्या टोकाखाली बोट दाबलं की एक टणक उंचवटा लागतो. तो कोराकॉइड. कावळ्याच्या चोचीसारखा म्हणून ग्रीकात हे नाव. लियोंचे मिशेल लॅटार्जे यांनी १९५४ साली ही चोच कापून वाटीच्या पुढच्या कडेला स्क्रूनं बसवायची पद्धत मांडली. गंमत अशी की चोचीला चिकटलेली दंडाच्या स्नायूंची नस, म्हणजे कंडरा, कापायची नाही, तिच्यासकट हाड हलवायचं. हात वर-बाहेर गेला की तीच नस गोळ्याच्या पुढून झोळीसारखी ताणली जाते. मृतदेहांच्या खांद्यांवरच्या प्रयोगांत, हात शेवटच्या कोनाला नेल्यावर मिळणाऱ्या स्थैर्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश या झोळीचं भरलं. म्हणजे लॅटार्जेत हाड दिसतं, पण काम बरंचसं नस करते.

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “म्हणजे भेट कलम.”

मी थांबलो. त्यांनीच मुलाकडे वळून समजावलं. कोय कलमात काडी झाडावरून कापून आणायची, रोपावर बसवायची, पट्टी गुंडाळायची, मग ती आपल्या नशिबानं जगते. भेट कलमात काडी आईच्या झाडावरच ठेवायची, रोपाची कुंडीच तिच्याजवळ न्यायची, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायची, आणि जोड धरला की मगच काडी आईपासून तोडायची. “इथं तोडायचीच नाही, एवढाच फरक.” चोचीच्या हाडाला नसेतून नेमका किती रक्तपुरवठा पोचतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही, हे मी सांगितलं. तरी वीस वर्षं मी रुग्णांना जे समजावतो आहे त्यापेक्षा हे चांगलं होतं, आणि तेव्हापासून मी तेच वापरतो.

दुसरी वाट कमरेच्या हाडाची. ती लॅटार्जेपेक्षाही जुनी. हिबिनेटनी १९३२ साली मांडलेली; त्याआधी १९१८ साली एडेननी असंच नडगीचं हाड वापरलं होतं. कमरेवरच्या कडेतून हवा तेवढा तुकडा काढता येतो, आकार देता येतो, खांद्याच्या पुढच्या रचनेला फारसा हात लागत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रियन शल्यविशारदांनी साठ रुग्णांत कमरेचं हाड आणि लॅटार्जे यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. खांद्याच्या निकालात मोठा फरक नव्हता. लॅटार्जेवाल्यांचा हात आतल्या बाजूला थोडा कमी वळत होता, आणि कमरेवाल्यांपैकी चौथाईहून जास्त जणांना हाड काढलेल्या जागी बधिरपणा किंवा विचित्र जाणीव राहिली.

तिसरी वाट दात्याच्या हाडाची. नडगीच्या खालच्या टोकाची, घोट्याच्या सांध्यातली बाजू वाटीच्या गोलाईशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते आणि तिच्यावर कूर्चाही असते. २००९ पासून अमेरिकेत हे चाललं आहे. आपल्याकडे अडचण ताज्या हाडाची. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, पण गोठवून सुकवलेल्या आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या हाडात कूर्चेच्या पेशी जिवंत राहत नाहीत. जिवंत कूर्चा नसेल तर या वाटेची निम्मी शान गेली. कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाचा तुकडा ही चौथी. त्यालाही कूर्चा असते आणि तो हाताशीच असतो, पण आखूड. शिवाय जो खांद्यावर आपटून पडतो त्याच्याच खांद्याच्या माथ्यावरचा सांधा मोकळा करायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

म्हणजे खरी निवड पहिल्या दोनांतच होती, आणि ती वाटीपेक्षा भरतीच्या मैदानावर झाली. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ ला, आणि ७.२६ किलोचा गोळा १५ ला. कमरेचं हाड काढलं तर काही महिने धावणं मागं पडणार, ३५ गुण तिथं. लॅटार्जे केली तर हात बाहेर वळायला दहा-पंधरा अंश कमी पडू शकतो, त्याचा फटका गोळ्याला. मुलगा पटकन म्हणाला, “गोळा मी सोडून देतो, कंबर नको.” वडिलांचा प्रश्न वेगळा होता. “आणि हे कलम मेलं तर?”

मेलं तर कंबर. लॅटार्जे फसली की पुढची वाट बहुतेक वेळा कमरेच्या हाडाचीच असते. म्हणून ते राखून ठेवणं हाही हिशेबाचाच भाग. उलट क्रमानं गेलो असतो तरी वाट बंद झाली नसती, पण भिडणाऱ्या खेळाडूला झोळीचा आधार पहिल्याच फटक्यात मिळावा असं माझं मत आहे. जोखीम लपवली नाही. नर्व्हना इजा, जंतुसंसर्ग, हाड न जुळणं किंवा विरघळणं, स्क्रू टोचणं. या शस्त्रक्रियेच्या अभ्यासांत गुंतागुंतीचं प्रमाण लहानमोठं सगळं धरून ३० टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे. सांधा पुन्हा उतरण्याचं मात्र तीनच्या आसपास.

संमतीपत्रावर उजवी कंबरही लिहून घेतली. शस्त्रक्रियेच्या वेळी कंबर जंतुनाशकानं रंगवून, कापडानं झाकून तयार ठेवली. नवीन डॉक्टरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

चोच २४ मिलीमीटर लांब मिळाली, जाडी नऊ. ती तशीच चपटी बसवायची की नव्वद अंशांत फिरवून, हा एक छोटा निर्णय असतो. फिरवली तर वाटी जास्त रुंद होते आणि गोलाईही जुळते, पण स्क्रूची भोकं हाडाच्या अरुंद बाजूतून पाडावी लागतात. साडेपाच मिलीमीटरच्या खड्ड्याला नऊ पुरेसे होते, म्हणून जुन्या पद्धतीनंच बसवली. सांध्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू कापला नाही, त्याच्या धाग्यांच्या दिशेत फाकवून वाट काढली. दंडाच्या स्नायूला जाणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह चोचीच्या टोकापासून पाचेक सेंटीमीटरवर आत शिरते, कधी त्याआधीही. बोटानं चाचपून ती कुठं आहे याची खात्री केल्याशिवाय मी नस ओढत नाही.

हाड वाटीशी सपाट बसायला हवं. आत राहिलं तर गोळा त्याच्यावरून निसटतो, बाहेर आलं तर गोळा रोज त्यावर घासतो आणि काही वर्षांत सांधा झिजतो. नखानं जोडावरून सरकत गेलो तर नख अडलं नाही. खालचा स्क्रू घट्ट बसला. वरचा फिरवताना, शेवटच्या पाव फेऱ्यात, पेचकसावरचा जोर अचानक हलका झाला. असं झालं की पोटात गोळा येतो. पाहिलं तर वरच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग.

माझी चूक होती. दोन बोटांच्या जोरावर थांबायचं असतं, मी तिसरं लावलं. भेग तुकडा वेगळा करणारी नव्हती, खालचा स्क्रू भक्कम होता. वरचा स्क्रू मागं घेऊन त्याखाली छोटा वॉशर घातला, हलक्या हातानं बसवला, खांदा सगळीकडे फिरवून पाहिला. हाड हललं नाही. कमरेवरचं कापड शेवटपर्यंत उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला बापलेकांना भेगेबद्दल सांगितलं, चित्र काढून.

हात झोळीत चार आठवडे. बाहेर वळवण्याचे व्यायाम नंतर हळूहळू, वजन तीन महिन्यांनी. फिजिओथेरपिस्टनं त्याला जमिनीवर पडायचं नव्यानं शिकवलं. हात लांब न करता कुशीवर वळून. चढाईपटूला हे शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवण्यासारखं. पाचव्या महिन्यात त्यानं धावायचा सराव पूर्ण जोरात सुरू केला होता.

सहाव्या महिन्यात सीटी केला. खालच्या दोन तृतीयांश भागात हाड वाटीशी एकजीव झालेलं, जोडाची रेषा पुसलेली. वरच्या टोकाला, भेगेच्या जागी, हाड विरघळलेलं आणि वरच्या स्क्रूचं डोकं वॉशरसकट उघडं पडलेलं. लॅटार्जेत वरचा भाग विरघळतो हे नेहमीचं आहे, तिथं हाडावर भार कमी पडतो. भेगेनं त्यात भर घातली असणार, किती ते सांगता येणार नाही. हात बाहेर डाव्या बाजूला सत्तर अंश वळत होता, उजव्याला पंचावन्न. पंचेचाळीस अंशांवरची भीती गेली होती. नव्वदला किंचित कपाळाला आठी.

वडील पडद्यावरचं चित्र बराच वेळ बघत राहिले. “शेंडा वाळलाय,” ते म्हणाले, “जोड धरलाय.”

वर्षानं तो पुन्हा आला तेव्हा भरतीचं मैदान होऊन गेलं होतं. धावण्यात त्याच्या मते काही कमी पडलं नाही. गोळा पूर्वीपेक्षा हातभर अलीकडे पडला. कबड्डी सुरू केली आहे, खांदा उतरलेला नाही. पण पकड बसली की आता हात पुढं जात नाही, आधी पाय जातो, आणि त्यामुळं दोन सामन्यांत मध्यरेषा वीतभरानं चुकली, याचं त्याला वाईट वाटतं. हात छातीवरून पलीकडे नेताना पुढं काहीतरी खटकतं, असंही म्हणाला. बोट ठेवून दाखवलं ते बरोबर वरच्या स्क्रूवर. दुखत नाही, नुसतं खटकतं. काढायचा असेल तर छोटंसं काम आहे, पण सबस्कॅप्युलॅरिस पुन्हा फाकवावा लागेल आणि पुन्हा सहा आठवडे मैदानाबाहेर बसावं लागेल. तो म्हणाला, हंगाम संपल्यावर बघू. मी केसपेपरवर लिहिलं: वरचा स्क्रू, लक्ष ठेवणे, सहा महिन्यांनी फिल्म.